नाव कधी बांधलं जातं? डिफॉल्ट आर्ग्युमेंट आणि व्हेरिएबल बाइंडिंग : एक आढावा

पायथनमध्ये ‘थांबा_जोड’ नावाचं एक छोटं फंक्शन लिहिलं आहे असं धरू. त्याला दोन आर्ग्युमेंट लागतात : स्थानकाचं नाव, आणि ते नाव ज्या यादीत घालायचं ती यादी. यादी दिली नाही तर रिकामी यादी धरावी, म्हणून तिचा डिफॉल्ट [] असा लिहिला आहे. फंक्शन यादीच्या शेवटी स्थानक जोडतं आणि यादी परत करतं. पहिल्या कॉलमध्ये फक्त "घाटकोपर" दिलं, उत्तर आलं ["घाटकोपर"]. दुसऱ्या कॉलमध्ये फक्त "मुलुंड" दिलं, तर उत्तर येतं ["घाटकोपर", "मुलुंड"]. दोन्ही वेळा यादी दिलेली नव्हती, तरी दुसऱ्या कॉलला पहिल्याची आठवण आहे.

आता दुसरं उदाहरण. अंधेरी, बोरिवली, मुलुंड या तीन नावांवर लूप फिरवायचा आणि प्रत्येक फेरीत एक लॅम्डा फंक्शन बनवायचं. त्याचं काम एवढंच, की त्या फेरीतलं नाव परत द्यायचं. लूप संपल्यावर तिन्ही फंक्शनं चालवली तर तिन्हींचं उत्तर "मुलुंड" येतं.

नोकरीच्या मुलाखतींत ही दोन्ही उदाहरणं हमखास विचारली जातात आणि विद्यार्थी त्यांची उत्तरं दोन वेगळ्या खोड्या म्हणून पाठ करतात. पहिल्यासाठी ‘डिफॉल्ट म्हणून यादी देऊ नये’, दुसऱ्यासाठी ‘लूपमध्ये लॅम्डा जपून’. नियम चुकीचे नाहीत, पण ते असे सुटे शिकले तर पुढच्या भाषेत उपयोगी पडत नाहीत, कारण तिथे खोड वेगळ्या जागी असते. दोन्ही उदाहरणांमागे प्रश्न एकच आहे : प्रोग्रॅममधलं नाव आणि त्याचा अर्थ यांची गाठ कोणत्या क्षणी पडते? पहिल्या उदाहरणात ती आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर पडली, दुसऱ्यात उशिरा. गेल्या साठ वर्षांत वेगवेगळ्या भाषांनी या प्रश्नाला काय उत्तरं दिली, त्यांतली कोणती टिकली, कोणती बदलावी लागली आणि मुंबईच्या उपनगरांतल्या महाविद्यालयांत हा प्रश्न कुठे शिकवला जातो, याचा हा आढावा.

पवईतून आलेली चौकट

या प्रश्नाची सर्वांत स्वच्छ मांडणी मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या हाताशीच आहे. १९५८ साली पवईत सुरू झालेल्या आयआयटी मुंबईत प्रा. धनंजय धामधेरे यांनी अनेक वर्षं कंपायलर आणि सिस्टम प्रोग्रॅमिंग शिकवलं. त्यांचं ‘सिस्टम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टम्स’ हे टाटा मॅकग्रॉ-हिलचं पुस्तक देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोचलं. त्यात बाइंडिंगची कल्पना अगदी सुरुवातीच्या प्रकरणात येते. प्रोग्रॅममधल्या घटकाचे गुणधर्म असतात : व्हेरिएबलचा प्रकार, त्याची मेमरीतली जागा, त्याचं मूल्य. गुणधर्माला मूल्य जोडणं म्हणजे बाइंडिंग, आणि ते ज्या क्षणी घडतं तो बाइंडिंगचा काळ. असे पाच काळ तिथे सांगितले आहेत : भाषेची व्याख्या होते तो, तिचा कंपायलर बनतो तो, प्रोग्रॅम कंपाइल होतो तो, एखादी प्रोसीजर सुरू होते तो, आणि ती चालत असते तो. प्रोग्रॅम चालू होण्याआधी पडलेली गाठ स्टॅटिक, नंतर पडलेली डायनॅमिक.

त्याच पुस्तकात असेंबलरच्या मॅक्रोंवर जे प्रकरण आहे, त्यात पॅरामीटरचे प्रकार येतात : जागेवरून ओळखले जाणारे, नावाने दिले जाणारे, आणि न दिल्यास ठरलेलं मूल्य घेणारे. डिफॉल्टची ही सर्वांत जुन्या पिढीतली पद्धत. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टम ३६० च्या असेंबलरमध्येही मॅक्रोच्या नामांकित पॅरामीटरला ठरावीक मूल्य देण्याची सोय होती. मॅक्रोचा डिफॉल्ट हा निव्वळ मजकूर असतो. मॅक्रो उलगडताना तो जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये चिकटवला जातो आणि त्याचा अर्थ नंतर लागतो.

एकाच पुस्तकात डिफॉल्ट आणि बाइंडिंगचा काळ या दोन्ही कल्पना आहेत. त्या एकत्र वाचल्या की पायथनच्या खोडीचा उलगडा तिथेच सुरू होतो.

एका फंक्शनमधले पाच क्षण

धामधेरे यांची चौकट पायथनच्या थांबा_जोडला लावून पाहू. पहिला क्षण भाषा घडवणाऱ्यांचा : फंक्शनच्या आत ज्या नावाला कुठेही मूल्य दिलं जातं ते नाव त्या फंक्शनपुरतं स्थानिक, हा नियम तिथे ठरला. दुसरा क्षण कंपाइल होतानाचा : पायथनही आधी बाइटकोड बनवतं, आणि कोणतं नाव स्थानिक, कोणतं ग्लोबल, कोणतं बाहेरच्या फंक्शनमधलं हे तेव्हाच नक्की होतं. तिसरा क्षण ‘डेफ’ची ओळ प्रत्यक्ष चालते तेव्हाचा. पायथनमध्ये डेफ ही चालणारी आज्ञा आहे. ती चालली की फंक्शनची वस्तू तयार होते, डिफॉल्टच्या जागी लिहिलेल्या पदावलीचं मूल्य काढलं जातं, ते मूल्य फंक्शनजवळ साठवलं जातं आणि फंक्शनचं नाव त्या वस्तूला बांधलं जातं. चौथा क्षण प्रत्येक कॉलचा : दिलेलं आर्ग्युमेंट, आणि ते दिलं नसेल तर साठवलेला डिफॉल्ट, पॅरामीटरच्या नावाला बांधला जातो. पाचवा क्षण आतल्या ओळी चालतानाचा : बाहेरची नावं तेव्हा शोधली जातात आणि त्या घडीला त्यांचं जे मूल्य असेल ते मिळतं.

सुरुवातीची दोन्ही उदाहरणं आता एकाच कालरेषेवर बसतात. यादीचा डिफॉल्ट तिसऱ्या क्षणी, म्हणजे एकदाच, तयार झाला, म्हणून प्रत्येक कॉलला तीच यादी मिळाली. लॅम्डाच्या आतलं नाव पाचव्या क्षणी शोधलं गेलं, तोवर लूप मुलुंडला पोचून थांबला होता. लूपच्या दुखण्यावर पायथनमध्ये प्रचलित असलेला उपाय म्हणजे लॅम्डाला ‘नाव=नाव’ असा डिफॉल्ट देणं. तो चालतो कारण गाठ पाचव्या क्षणावरून तिसऱ्या क्षणावर सरकते. पहिल्या उदाहरणात ज्या गुणधर्माने घात केला, तोच दुसऱ्यात औषध ठरतो.

नवशिक्यांना गोंधळात पाडणारी आणखी एक चूक याच रेषेवर समजते. बाहेर ‘एकूण’ नावाचं व्हेरिएबल आहे, फंक्शनमध्ये आधी ते छापलं आणि खाली त्यात एक मिळवला, तर पायथन छापण्याच्या ओळीवरच अनबाउंडलोकलएरर देऊन थांबतं. खालच्या ओळीतल्या मूल्य देण्यामुळे ‘एकूण’ स्थानिक आहे हे दुसऱ्या क्षणी ठरलं, पण त्या स्थानिक नावाला अजून काहीच बांधलेलं नाही.

नाव आणि वस्तू

काळ कळला तरी बांधलं कशाला जातं हे पाहावं लागतं. सी भाषेत व्हेरिएबल म्हणजे मेमरीतली ठरलेली जागा, आणि मूल्य त्या जागेत ठेवलं जातं. ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांनी १९६७ च्या व्याख्यानांत ही जागा आणि तिच्यातलं मूल्य यांतला फरक नेमका केला. पायथन, जावास्क्रिप्ट, रुबी यांत नाव वस्तूकडे बोट दाखवतं. मुंबईत एका फ्लॅटच्या दारावर दोन आडनावांच्या पाट्या असतात, तसं हे आहे. एक पाटी काढून दुसऱ्या दारावर लावली तर पहिल्या घराला काही होत नाही; पण घरातली भिंत पाडली तर दोन्ही पाट्यांच्या माणसांची भिंत पडते. नावाला नवीन मूल्य देणं म्हणजे पाटी हलवणं, आणि यादीत भर घालणं म्हणजे घरात फेरफार करणं.

फंक्शनला आर्ग्युमेंट देतानाही हेच घडतं. बार्बरा लिस्कोव्ह यांच्या गटाने एमआयटीत १९७० च्या दशकात घडवलेल्या ‘क्लू’ भाषेत याला ‘कॉल बाय शेअरिंग’ म्हटलं गेलं : कॉल करणारा आणि फंक्शन दोघंही तीच वस्तू वापरतात, नावं मात्र ज्याची त्याची. म्हणूनच डिफॉल्ट संख्या, स्ट्रिंग किंवा टपल असेल तर हा त्रास होत नाही, कारण या वस्तू बदलत नाहीत. यादी, डिक्शनरी, सेट बदलतात, आणि घोटाळा तिथे होतो. थोडक्यात, खोड दोन गोष्टींच्या संयोगातून येते : एकदाच पडलेली गाठ, आणि बदलू शकणारी वस्तू.

डिफॉल्टच्या पाच तऱ्हा

भाषा डिफॉल्ट कोणत्या रूपात साठवतात हे पाहिलं तर पाच तऱ्हा दिसतात.

पहिली, मजकूर म्हणून. ही मॅक्रोंची तऱ्हा वर आलीच.

दुसरी, कॉलच्या जागी उतरवलेलं स्थिर मूल्य म्हणून. सी शार्पमध्ये २०१० च्या ४.० आवृत्तीत डिफॉल्ट आर्ग्युमेंट आले. तिथे डिफॉल्ट कंपाइल होतानाच ठाऊक असावा लागतो आणि कंपायलर तो कॉल करणाऱ्याच्या कोडमध्ये लिहून टाकतो. यादीचा घोटाळा इथे होऊच शकत नाही. पण लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत डिफॉल्ट ३० चा ६० केला आणि ती वापरणारा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला नाही, तर तो जुनेच ३० पाठवत राहतो. गाठ जितकी लवकर, तितकी ती सोडवायला अवघड.

तिसरी, फंक्शन तयार होताना बनलेली एकच वस्तू म्हणून. पायथन हिचा ठळक प्रतिनिधी.

चौथी, प्रत्येक कॉलला नव्याने मोजली जाणारी पदावली म्हणून. १९८३ ची एडा, कॉमन लिस्प, सी प्लस प्लस, रुबी, स्काला, कोटलिन, स्विफ्ट आणि २०१५ पासूनची जावास्क्रिप्ट याच बाजूला आहेत. थांबा_जोड जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं तर प्रत्येक वेळी कोरी यादी मिळते. शिवाय कॉमन लिस्प आणि जावास्क्रिप्टमध्ये नंतरच्या पॅरामीटरचा डिफॉल्ट आधीच्या पॅरामीटरवर अवलंबून ठेवता येतो : शेवट दिला नसेल तर सुरुवातीपासून दहा पुढे, असं थेट लिहिता येतं. पायथनमध्ये ते जमत नाही, कारण डिफॉल्ट मोजला जातो तेव्हा कॉल झालेलाच नसतो. या तऱ्हेलाही आपली खोड आहे. सी प्लस प्लसमध्ये व्हर्च्युअल फंक्शनला पायाभूत क्लासमध्ये एक आणि उपक्लासमध्ये दुसरा डिफॉल्ट दिला, तर पायाभूत प्रकाराच्या पॉइंटरमधून कॉल करताना फंक्शन उपक्लासचं चालतं पण डिफॉल्ट पायाभूत क्लासचा मिळतो. कोणतं फंक्शन चालवायचं ती गाठ चालताना पडते, कोणता डिफॉल्ट घ्यायचा ती कंपाइल होताना. एकाच ओळीत दोन काळ मिसळले.

पाचवी, गरज लागेल तेव्हाच मोजलं जाणारं वचन म्हणून. संख्याशास्त्राच्या वर्गांत शिकवली जाणारी आर भाषा ही तऱ्हा वापरते. तिथे डिफॉल्ट फंक्शनच्या आतल्या परिसरात, प्रथम वापर होईल त्या घडीला मोजला जातो. त्यामुळे आत नंतर तयार होणाऱ्या व्हेरिएबलचा उल्लेखही डिफॉल्टमध्ये करता येतो. ताकद मोठी, पण वापराआधी त्या व्हेरिएबलचं मूल्य बदललं तर डिफॉल्टही बदलतो.

सी, जावा आणि गो या भाषा वेगळ्याच वाटेने गेल्या. त्यांनी डिफॉल्ट आर्ग्युमेंट ठेवलेच नाहीत. जावात त्याऐवजी एकाच नावाची, वेगवेगळ्या आर्ग्युमेंटची फंक्शनं लिहितात. गाठ कधी पडते हा प्रश्न मग लिहिणाऱ्याने स्वतःच्या कोडमध्ये उघडपणे सोडवायचा.

पायथनच्या निवडीचा हिशोब

पायथनचं वागणं म्हणजे चूक आहे, असं म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण ते न्याय्य नाही. डेफ ही चालणारी आज्ञा असल्यावर तिच्या ओळीवर लिहिलेली पदावली त्याच वेळी मोजली जाणं सुसंगत आहे. महागडं मूल्य एकदाच काढलं जातं. आणि एक ऐतिहासिक गरजही होती. २००१ पर्यंत पायथनमध्ये आतलं फंक्शन बाहेरच्या फंक्शनची व्हेरिएबलं पाहू शकत नव्हतं. स्थानिक, ग्लोबल आणि बिल्ट-इन एवढेच स्कोप होते. आतल्या फंक्शनला बाहेरचं मूल्य पोचवायचं तर डिफॉल्ट हाच रुळलेला मार्ग होता. जेरेमी हिल्टन यांच्या पेप २२७ या प्रस्तावाने २.१ आवृत्तीत नेस्टेड स्कोप ऐच्छिक आले आणि २.२ मध्ये ते कायमचे झाले. बाहेरच्या व्हेरिएबलला आतून नवं मूल्य देण्याची ‘नॉनलोकल’ आज्ञा तर २००८ च्या पायथन ३.० मध्ये आली.

तरी किंमत पडतेच. पायथनच्या अधिकृत ट्युटोरियलमध्येच डिफॉल्ट एकदाच मोजला जातो असा ठळक इशारा आहे. रूढ उपाय असा : डिफॉल्ट ‘नन’ ठेवायचा आणि फंक्शनच्या पहिल्या ओळीत, नन आलं असेल तर नवी यादी बनवायची. नन हेच खरं आर्ग्युमेंट असू शकत असेल तर खुणेसाठी एक वेगळी रिकामी वस्तू बनवून तिच्याशी तुलना करायची. भाषेने स्वतःही धडा घेतला. २०१८ च्या ३.७ आवृत्तीत आलेल्या डेटाक्लासमध्ये एखाद्या फील्डला थेट यादी डिफॉल्ट म्हणून दिली तर क्लास बनतानाच चूक दाखवली जाते आणि यादी बनवणारं फंक्शन द्यायला सांगितलं जातं. पायलिंटसारखी तपासणी साधनं असा डिफॉल्ट दिसला की धोक्याची सूचना देतात.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ख्रिस अँजेलिको यांनी पेप ६७१ मांडला. त्यात कॉलच्या वेळी मोजल्या जाणाऱ्या डिफॉल्टसाठी = ऐवजी => हे चिन्ह सुचवलं होतं, म्हणजे दोन्ही तऱ्हा भाषेत राहतील आणि कोणती हवी ते लिहिणारा सांगेल. त्यावर लांबलचक चर्चा झाली, पण प्रस्ताव भाषेत आला नाही. माझ्या मते त्यामागची दिशा योग्य होती : काळाची निवड उघड दिसावी, ती समजून घेण्यासाठी ट्युटोरियलमधला इशारा शोधावा लागू नये.

लूपमधल्या नावाची दीर्घ कहाणी

फंक्शनने बाहेरचं नाव सोबत घेऊन जाणं, म्हणजे क्लोजर, हा विषय पायथनहून कितीतरी जुना आहे. पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये क्लोजरची कल्पना मांडली. जुन्या लिस्पमध्ये फंक्शन जिथून बोलावलं जाई तिथली नावं त्याला दिसत, त्यामुळे तेच फंक्शन दोन ठिकाणी दोन अर्थ देई. १९७५ मध्ये सस्मन आणि स्टील यांच्या स्कीमने लेक्सिकल स्कोप स्वीकारला : नावाचा अर्थ फंक्शन जिथे लिहिलं तिथून ठरतो. हा वाद आता मिटला आहे. आजच्या बहुतेक भाषा लेक्सिकल आहेत.

मिटला नव्हता तो लूपचा प्रश्न. लेक्सिकल नियम सांगतो की क्लोजर मूल्य धरत नाही, व्हेरिएबल धरतो. मग लूपच्या प्रत्येक फेरीत व्हेरिएबल नवं की तेच? कित्येक भाषांनी ‘तेच’ असं उत्तर दिलं आणि नंतर बदललं. सी शार्पने २०१२ च्या ५.० आवृत्तीत ‘फॉरईच’च्या प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल दिलं. जावास्क्रिप्टमध्ये ‘व्हार’ने सगळ्या फेऱ्यांना एकच व्हेरिएबल मिळे, २०१५ च्या ‘लेट’ने प्रत्येक फेरीला वेगळं. आर भाषेने २०१५ च्या ३.२.० मध्ये यादीवर फंक्शन चालवणाऱ्या फंक्शनांना आर्ग्युमेंट लगेच मोजायला लावलं. जावा ८ ने २०१४ मध्ये लॅम्डा आणताना, मूल्य बदलत नाही असंच स्थानिक व्हेरिएबल आत नेता येईल, अशी अट घातली. २०११ च्या सी प्लस प्लसने निर्णय लिहिणाऱ्यावर सोपवला : लॅम्डाच्या चौकटी कंसात व्हेरिएबलची प्रत हवी की संदर्भ हवा हे सांगावं लागतं.

गो भाषेचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. २०२० च्या फेब्रुवारीअखेर वेबसाइटांना सुरक्षा प्रमाणपत्रं देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’च्या गोमधल्या सॉफ्टवेअरमध्ये एक चूक सापडली. एका अर्जात अनेक डोमेन असली आणि त्यांची फेरतपासणी करायची असली, तर प्रत्येक डोमेन एकदा तपासण्याऐवजी एकच डोमेन तितक्या वेळा तपासलं जात होतं. मूळ कारण लूपच्या व्हेरिएबलचा पत्ता साठवून ठेवणं. ३० लाखांहून अधिक प्रमाणपत्रं बाधित ठरली. गोच्या कर्त्यांनी अखेर फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ आवृत्तीत नियमच बदलला आणि प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल दिलं. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून हा नियम, मॉड्यूलच्या फाइलमध्ये १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिली असेल तरच लागू होतो. पायथनमध्ये मात्र आजही लूपला एकच नाव असतं.

प्रत्यक्ष कामात काय होतं

महाविद्यालयीन प्रोजेक्टांत लूपमधली चूक पायथनच्या टीकिंटरने बनवलेल्या खिडक्यांत भेटते : लूपने दहा बटणं बनवली, कोणतंही दाबलं तरी दहाव्याचं काम होतं. नोकरीत डिफॉल्टची चूक जास्त गंभीर रूपात येते. वेब सर्व्हर महिनोन्‌महिने चालू राहणारा प्रोग्रॅम असतो. त्यातल्या फंक्शनच्या डिफॉल्ट यादीत एका ग्राहकाची नोंद पडली, तर ती पुढच्या ग्राहकाच्या उत्तरात दिसू शकते. सर्व्हरच्या अनेक प्रोसेस असतील तर प्रत्येकीची यादी वेगळी, म्हणून चूक कधी दिसते, कधी नाही. चाचण्या एकेका कॉलच्या असतात, त्यांतून ती सुटते. डिफॉल्ट म्हणून ‘आत्ताची वेळ’ लिहिली की सर्व नोंदींवर सर्व्हर सुरू झाल्याची वेळ पडते. इथे वस्तू बदलणारी नाही, तरी घोटाळा होतो, कारण अपेक्षा ताज्या मूल्याची होती.

डिफॉल्टची वस्तू मेमरीतही ठाण मांडून बसते. फंक्शन जिवंत आहे तोवर ती फंक्शनला बांधलेली असते आणि गार्बेज कलेक्टर तिला हात लावत नाही. कोणत्या वस्तूला कोणती नावं लागली आहेत आणि त्यांतली पुढे कोणती वापरली जातील, हा प्रश्न संशोधनाचाही आहे, आणि त्यावर पवईतच मोलाचं काम झालं. उदय खेडकर, अमिताभ सान्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ मध्ये हीप मेमरीतले संदर्भ पुढे वापरले जाणार की नाहीत हे प्रोग्रॅम न चालवता ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली, म्हणजे नको असलेल्या गाठी आधीच सोडता येतील. २००९ मध्ये खेडकर, सान्याल आणि बागेश्री करकरे यांचं डेटा फ्लो ॲनालिसिसवरचं पुस्तकही आलं. वर्गातल्या तीन ओळींच्या उदाहरणामागे एवढा मोठा विषय उभा आहे.

उपनगरांतल्या वर्गांत

मुंबई विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीचा २०१९ चा सुधारित आराखडा पाहिला तर एक क्रम दिसतो. दुसऱ्या सत्रात सी, तिसऱ्यात जावाची प्रयोगशाळा, चौथ्यात पायथनची, आणि सहाव्यात ‘सिस्टम प्रोग्रॅमिंग अँड कंपायलर कन्स्ट्रक्शन’. या आराखड्यानुसार बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या विद्यार्थ्याला सी आणि जावा या डिफॉल्ट नसलेल्या दोन भाषा आधी भेटतात. त्यानंतर पायथनमध्ये तो डिफॉल्ट प्रथमच पाहतो, आणि नेमकी हीच भाषा डिफॉल्ट एकदाच मोजते. मॅक्रोंचे डिफॉल्ट आणि बाइंडिंगचे काळ ज्या विषयाच्या पुस्तकांत आहेत, तो विषय त्यानंतर वर्षभराने येतो. दरम्यान खोड पाठ झालेली असते, आणि पाठ झालेल्या गोष्टीचं कारण विचारण्याची गरज मग कुणाला वाटत नाही.

शाळेतही हेच. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन आहे; डिफॉल्ट पॅरामीटर आहेत, लोकल-ग्लोबल स्कोप आहे, बदलणारे आणि न बदलणारे डेटाप्रकारही आहेत. या तिन्हींना जोडणारी कालरेषा मात्र शिक्षकाने स्वतः काढावी लागते.

यासाठी लागणारं साहित्य दूर शोधावं लागत नाही. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचा, त्यात पायथनचाही, शिक्षणात प्रसार करतो, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे छोटे पाठ मराठीतही आहेत. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे ‘यादी’ आणि ‘स्थानक’ अशीच नावं घेऊन उदाहरण फळ्यावर मांडता येतं. आणि पायथन स्वतः पुरावा दाखवायला तयार असतं : प्रत्येक कॉलनंतर फंक्शनचा ‘डिफॉल्ट्स’ हा गुणधर्म छापला, तर साठवलेली यादी वाढत जाताना दिसते; लॅम्डाचा ‘क्लोजर’ गुणधर्म छापला, तर फंक्शनच्या आत बनलेल्या तिन्ही लॅम्डांकडे एकच कप्पा असल्याचं दिसतं. दहा मिनिटांचा प्रयोग आहे, आणि त्यात पाठ करण्यासारखं काही उरत नाही.

काय मिटलं, काय उरलं

साठ वर्षांच्या या प्रवासात काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. लेक्सिकल स्कोपवर एकमत आहे. लूपच्या प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल द्यावं, याकडे भाषा एकेक करून वळल्या, आणि गोसारख्या रुळलेल्या भाषेनेही त्यासाठी नियम बदलण्याची जोखीम घेतली. डिफॉल्ट प्रत्येक कॉलला मोजावा, याकडे नव्या भाषांचा कल आहे. मात्र बदल होतो तो जुने प्रोग्रॅम सांभाळून. पायथनमधल्या असंख्य फंक्शनांचा भरवसा आजच्या नियमावर आहे, म्हणून तो सहजी बदलणार नाही आणि बदलू नये. तिथे उपाय भाषेपेक्षा शिक्षणात आहे.

म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना एकच आग्रहाची सूचना. बाइंडिंगचा काळ ही कल्पना सहाव्या सत्राची वाट पाहत ठेवू नका. फंक्शन शिकवण्याच्या पहिल्याच तासाला पाच क्षणांची रेषा काढा आणि प्रत्येक उदाहरणात विचारा : हे मूल्य कधी मोजलं गेलं, नाव कशाला बांधलं गेलं, ती गाठ किती काळ टिकते? हे प्रश्न विचारायची सवय लागलेला विद्यार्थी उद्या आर, गो किंवा अजून जन्माला न आलेल्या भाषेत काम करायला बसला, तरी नियमांची नवी यादी पाठ करणार नाही. तो भाषेचं वागणं स्वतः तपासून घेईल, आणि प्रोग्रॅमरचं शिक्षण म्हणतात ते हेच.